उदबत्तीचा वास पोचेल इतका वारा

पाहुणे म्हणून कुणाकडे गेलं की बायका पडदे बघतात, पुरुष टीव्ही किती इंची ते बघतात. मी छत बघते. छताला एसीची जाळी दिसली की बोलता बोलता उठते, जाळीखाली हात धरते आणि हवा किती येते ते तपासते. माझी नात रेवा अशा वेळी माझा पदर ओढते. "आजी, बस ना गं. लोकांना वाटतं तू शाप देतेयस."

शाप नाही गं बाई, सवय. आयुष्यभर मी हेच केलं. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, माझ्या कामात बघण्यासारखं काही नसायचंच. मी वारा जुळवत असे. जुळला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, बिघडला की मात्र अख्खं घर बोंब मारतं.

आधी काम समजावून सांगते. तुमच्या भिंतीवर लांबट पांढरा डबा असतो, तो एसी वेगळा. माझा तो छतात लपलेला. मोठ्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या नाहीतर बोळाच्या वर, खोट्या छतात एक पेटी टांगलेली असते. तिच्यात एक ब्लोअर, म्हणजे खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल फिरणारा पंखा, आणि एक थंडगार जाळीदार कॉइल. ब्लोअर घरातली हवा एका मोठ्या जाळीतून आत ओढतो, कॉइलवरून नेतो आणि पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, ते खालच्या तबकात पडतं आणि नळीने बाहेर जातं. एवढंच. ब्लोअरच्या मोटारीला रंगीत तारा असतात: जोरात, मध्यम, हळू. कुठली जोडायची, कुठल्या खोलीची झडप किती उघडी ठेवायची, गाळणी कुठली, बाहेरची ताजी हवा किती घ्यायची, हे ठरवणं माझं काम. यंत्र बसवून कारागीर निघून गेले की मी यायची. साडीच्या दुकानात फॉल-पिको करणारी असते ना, तसं.

हे माझ्या डोक्यात भरलं ते बाबांमुळे. आम्ही डिलाईल रोडवरच्या चाळीतले, मूळ मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, पण मागावर नव्हते. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून गिरणीत हवा ओली ठेवावी लागे. त्यासाठी मोठमोठे पंखे आणि पाण्याचे फवारे असलेलं एक खातंच असे. बाबा त्यातले. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला ओल्या कापसाचा वास यायचा. शेजारी विचारत, "तुमचे हे गिरणीत काय करतात?" आई म्हणायची, "वारा घालतात." लोकांना वाटे, मालकाला घालतात.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा बाबा घरी बसले आणि मी एसीचं काम शिकायला गेले. वर्गात मुलगी मी एकटी. दोन वेण्या, बाबांच्या खाकी कपड्यातून शिवलेली पँट आणि जगातला सगळा वारा आपल्या खिशात असल्याची ऐट. वासराच्या कानात वारं भरतं म्हणतात ना, माझ्या तर टाळूपर्यंत भरलं होतं. जोरात म्हणजे चांगलं, हा माझा सिद्धांत. कुठलाही ब्लोअर दिसला की मी वरच्या स्पीडची तार जोडायची आणि कमरेवर हात ठेवून टाळ्यांची वाट बघायची.

टाळ्या कशा मिळाल्या ते ऐका. गिरगावातल्या एका नव्या इमारतीत काम होतं. त्या घरी नेमकं त्या दिवशी मुलीचं केळवण. पाट मांडलेले, ताटाभोवती महिरपी रांगोळ्या, वाट्यांत श्रीखंड. यजमान म्हणाले, "ताई, पाहुणे बसायच्या आत चालू होईल ना?" मी म्हटलं, "बघाच आता." आणि बटण दाबलं.

रांगोळी उठली. आधी ती भूकंपासारखी थरथरली, मग सगळी एका दिशेने निघाली आणि श्रीखंडात जाऊन बसली. घरातल्या म्हाताऱ्या काकू दोन बोटांत रांगोळीची कचकच चोळत माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, घरात हवा खेळती असावी म्हणतात. हुंदडती नव्हे."

हे ऐकून मी सुधारले असं वाटेल तुम्हाला. छे! आवाज कमी केला, ऐट तशीच. काकूंनी जे एका वाक्यात सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरायला केस पांढरे व्हावे लागले, आणि शिकवलं कुणी? ज्याने जन्मात एसी उघडला नव्हता अशा एका माणसाने.

त्यांना सगळे आबा म्हणत. लालबागमध्ये त्यांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायचा मांडव. पत्र्याचं छप्पर, बांबूचे खांब, आत शाडूचे गणपती ओळीने. ती जागा इमारतीत गेली आणि आबा दादरला मुलीकडे, वंदनाकडे राहायला आले. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, हात कापायचे, दम लागायचा. तरी त्या वर्षी त्यांनी हट्टाने घरचा गणपती स्वतः केला. बाल्कनीत बसून, बोटांनी चाचपत, पावसाळाभर. डोळ्यांची आखणी तेवढी वंदनाने केली, तीही आबांनी हात धरून. पूर्ण झाला तेव्हा म्हणाले, "ह्यो शेवटचो. ह्याच्या पुढे बोटां ऐकूची नाय." वंदनाने ते मला हसत हसत सांगितलं खरं, पण आवाज हसत नव्हता.

त्या घरचा एसी मीच जुळवला होता. म्हणून चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन मला आला.

"मावशी, बाप्पावर पाणी पडतंय."

"कुठून?"

"छतातून. दिव्याच्या भोकातून. मिलिंद छत्री धरून उभा आहे."

मिलिंद म्हणजे तिचा नवरा. मी म्हटलं, मूर्ती बाजूला घ्या. म्हटलं आणि जीभ चावली. प्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत, हे काय मला सांगायला हवं? आणि शाडू म्हणजे कच्ची माती. भाजलेली नाही, काही नाही. पाणी लागलं की पेढ्यासारखी भुसभुशीत.

मी चाळीत शेजारच्यांच्या आरतीला निघाले होते. अंगावर हिरवी रेशमी साडी, केसांत गजरा. तशीच हत्यारांची पिशवी उचलली. टॅक्सी प्रभादेवीपर्यंत गेली आणि अडकली. दीड दिवसाचे गणपती निघालेले, टाळ, झांजा, पाटावर मूर्ती घेतलेली माणसं अनवाणी चाललेली. उतरले आणि त्यांच्या उलट्या दिशेने चालू लागले. एक बाई म्हणाल्या, "अहो, चौपाटी तिकडे." मी म्हटलं, "माझा अजून घरीच आहे. भिजतोय."

दार उघडलं तर आत हे दृश्य. मिलिंद स्टुलावर चढून मोठी काळी छत्री धरून उभा. छत्रीवर टप टप. वंदना खाली परात घेऊन. आणि आबा खुर्चीत, हात मांडीवर, मान थोडी वर, पाण्याचा आवाज मोजावा तशी ऐकत.

मूर्तीच्या उजव्या कानावर पाणी पडलं होतं. कानाचा गुलाबी रंग ओघळून खांद्यावर आला होता आणि कानाची कड मऊ पडून जरा खाली झुकली होती. बाकी मूर्ती शाबूत. काय मूर्ती होती! अंधुक डोळ्यांनी केलेली म्हणून की काय, चेहऱ्यावर कोरीव असं काही नव्हतं. आईने बाळाच्या तोंडावरून हात फिरवावा तसे सगळे उतार.

मिलिंद छत्रीखालून म्हणाला, "मावशी, मी काय म्हणतो, आज संध्याकाळीच उत्तरपूजा करू या. दीड दिवसाचा समजू. पाच दिवस हे असं धरून उभं राहणार कोण? आणि रात्रीत वरून धबधबा आला तर मूर्ती जाईलच की."

तो काही वाईट बोलत नव्हता. आबांच्या मूर्तीच्या काळजीनेच बोलत होता. पण आबांनी मान हलवली.

"आमच्याकडे पाच दिवस असता. पाच दिवस रवतलो."

"आबा, पण पाणी..."

"इरघळूचोच असा तो, जावयबापू. पण दर्यात. छपरातल्या पाण्यान नको."

वंदना माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे माझ्यापुढे प्रश्न साधा होता. संध्याकाळी आरतीच्या आत पाणी थांबवायचं. नाहीतर आबांचा शेवटचा गणपती त्यांच्यासमोरून आजच उठणार.

साडीचा काष्टा मारला, गजरा काढून वंदनाच्या हातात दिला आणि बोळातली शिडी चढले. छताची फळी सरकवली तर आत हिमालय. कॉइलवर हातभर बर्फ. एसी बंद केल्यामुळे तो वितळत होता, आणि बर्फ तबकाच्या बाहेरपर्यंत वाढला असल्यामुळे पाणी तबकात न पडता छतावर पडत होतं आणि उतार मिळेल तिकडे पळत होतं. उतार नेमका बाप्पाकडे.

"कधीपासून हवा कमी यायला लागली?" मी वरूनच ओरडले.

वंदना म्हणाली, "काल सकाळपासून. गणपती बसला, माणसं येणार, उकडत होतं. हवा येईना म्हणून आम्ही अठरावर लावला."

हवा येत नाही म्हणून अजून थंड करायचं! ही चूक इतक्या घरांत बघितली आहे मी. अहो, कॉइलवरून हवा वाहिली तर ती थंडी घरात जाते. हवाच नाही गेली तर थंडी तिथल्या तिथे साठते आणि पाण्याचा बर्फ होतो. जितकी थंडी वाढवाल तितका बर्फ, जितका बर्फ तितकी हवा कमी. म्हणजे हवा अडलीय कुठेतरी. ब्लोअर हाताने फिरवून बघितला, ठीक होता. गाळणी मी महिन्यापूर्वीच साफ केली होती.

"वंदना, ती मोठी जाळी कुठाय गं? हवा आत ओढणारी? हॉलच्या भिंतीला होती ना?"

वंदनाने मिलिंदकडे बघितलं. मग मिलिंद हळूच म्हणाला, "मखराच्या मागे."

उतरले आणि तेव्हा ते मखर मी नीट पाहिलं. पुठ्ठ्याचं, पण काय केलं होतं! आबांची लालबागची शाळाच. पुठ्ठ्याचं पत्र्यासारखं छप्पर, बांबूच्या काड्यांचे खांब, कडेला बोटभर उंचीच्या बिनरंगी मूर्त्यांची ओळ, पाण्याची छोटी बादली, मातीचा ढीग. मिलिंदने ऑफिसातून आल्यावर महिनाभर बसून सासऱ्यांसाठी केलं होतं. आणि पाठीमागे जाड पुठ्ठ्याची भक्कम भिंत, विटा रंगवलेली. ती त्याने अख्खी जाळीवर दाबून चिकटवली होती. घराचं नाक दाबलं होतं जावईबापूंनी, आणि तेही प्रेमाने.

"ही भिंत कापावी लागेल," मी म्हटलं.

मिलिंदचा चेहरा पडला. छत्री खाली यायला लागली. "पूर्ण?"

"पूर्ण."

"मग शाळा कशी राहील ती? नुसता मांडव होईल." त्याने आबांकडे बघितलं. त्याला तसा पुठ्ठ्याचा लोभ नव्हता. आबांना जे परत देता येत नव्हतं ते त्याने पुठ्ठ्यात दिलं होतं, आणि आता ते त्यांच्यादेखतच कापायचं.

आबांनी विचारलं, "भिंत? खयची भिंत?"

"मागची, आबा. विटांची."

आबा हसायला लागले. दम लागेपर्यंत. "अरे, माझ्या शाळेक मागसून भिंत नव्हतीच कधी. गोणपाट होता. भिंत घातलंस तर वारो खयसून येतलो? माती सुकतली कशी? काप, काप ती. माका वाटलाच, ह्या शाळेत काहीतरी चुकलाहा."

वंदना म्हणाली, "आबा, तुम्हाला दिसत नाही ना नीट?"

"दिसणा नाय. पण कोंडला की कळता."

छत्री मी धरली आणि मिलिंदने स्वतःच ब्लेड घेऊन भिंत कापली. खालपासून वरपर्यंत, मूर्तीला धक्का न लावता, जीभ दातांत धरून. वंदनाने माळ्यावरून तांदळाचं जुनं गोणपाट काढलं. ते मखराच्या एका अंगाला सैल टांगलं, जाळी मोकळी ठेवून. मिलिंदने लांबून बघितलं आणि म्हणाला, "च्यायला, आता खरी वाटते."

मग पाणी. नळीत शेवाळ साठलं होतं. ती सोडवून तोंडाने फुंकली. रेशमी साडीत, तोंडाला शेवाळ. आमच्या धंद्यात बाईमाणसाचं रूप खुलतं म्हणतात ते असं. छताच्या भोकाच्या कडेला पंच्याची चिंधी बांधून तिचं टोक बादलीत सोडलं. पाण्याला धरायला काही दिलं की ते थेंब थेंब पडत नाही, शहाण्यासारखं उतरतं. छत्री मिटली. मग बाहेरचं यंत्र बंद ठेवून आतला ब्लोअर नुसता चालवला. गार हवा नाही, फक्त हवा. बर्फ हळूहळू उतरून तबकात, तबकातून नळीत. दाराबाहेर आरतीची माणसं जमायला लागेपर्यंत चिंधी निथळायची थांबली होती.

मिलिंदने भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग आबांकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे पाच दिवस." जणू तोच हट्ट धरून बसला होता.

आता कान. कानाची कड ओली, लोंबती. ती तशीच राहिली तर पाच दिवसांत गळून पडणार. वंदना म्हणाली, "मावशी, जोरात वारा सोडा ना त्यावर. पटकन वाळेल."

मलाही तेच वाटलं. केळवणाची ती वेणीवाली पोरगी इतक्या वर्षांनंतरही माझ्यात जिवंत होती. शिडी चढले, मेन बंद केला, वरच्या स्पीडची तार जोडली, हॉलच्या छतातल्या, हवा सोडणाऱ्या जाळीच्या पट्ट्या बाप्पाकडे वळवल्या आणि चालू केलं.

"नको गो चेडवा!" आबा जवळजवळ उठलेच. त्यांनी खुर्चीतूनच मूर्तीच्या बाजूच्या वाऱ्यात तळवा धरला होता. "ह्यो वारो नाय, ही घाई. वरची माती सुकतली, आतली ओली रवतली. मग तडाकतली. माती माणसासारखी असता. भायरसून सुकयलंस तर आतसून फुटता."

"मग आबा, हात लावून नीट करा ना कान," वंदना म्हणाली. "तुमच्या बोटांना येईल. थोडी माती आहे बाल्कनीत."

आबांची बोटं मांडीवर हलली, कान घडवत असल्यासारखी. मला वाटलं, उठतात आता.

"नाय," ते म्हणाले. "चतुर्थीपर्यंत माझो होतो. आता हात लावूचो तो पाया पडूक. तू वारो कमी कर."

मी मधली तार जोडली. त्यांनी तळवा धरला. "अजून." मी सगळ्यात हळू तार जोडली. "अजून." त्याच्याखाली तारच नव्हती. मग पट्ट्या भिंतीकडे वळवल्या, म्हणजे वारा भिंतीला आपटून, थकून, मग मूर्तीकडे यावा. झडप अर्धी लोटली. माझ्याकडे वारा मोजायचं यंत्र होतं पिशवीत. ते काढायचं सुचलंच नाही. मोजून सांगणार कुणाला? मी बाप्पासमोरची उदबत्ती घेतली, जाळीखाली धरली. धूर किती कलतो ते बघायची माझी जुनी रीत.

आबा म्हणाले, "धूर माका दिसूचो नाय. उदबत्ती थयच लाव, त्याच्या कानाकडे. वास माझ्या खुर्चीपर्यंत येऊ दे. सोसाट्यान नाय. आता येता की नाय, आता येता की नाय, असो. तितकोच वारो माझ्या शाळेत गोणपाटातसून यायचो."

मग आम्ही तिघं उभे. मी शिडीवर झडपेला हात लावून, वंदना उदबत्तीजवळ, मिलिंद पुठ्ठ्याचे तुकडे हातात घेऊन. आणि आबा डोळे मिटून. झडप मी केसभर ढकलायची आणि थांबायची. आयुष्यात इतक्या हळू मी काही केलं नव्हतं, स्वयंपाकसुद्धा नाही.

"आता?"

"नाय."

"आता?"

आबांनी सावकाश श्वास घेतला. मग म्हणाले, "ह्योच."

आणि बोलायला लागले. शाळेच्या मागे गिरणीची भिंत होती. गिरणीतली ओलसर हवा झरोक्यांतून बाहेर यायची, गोणपाटातून आत शिरायची. तिच्यामुळे माती सावकाश सुकायची, कधी तडा जायचा नाही. शेजारच्या मांडवातले लोक कोळशाच्या शेगड्या लावून सुकवायचे आणि भेगा बुजवत बसायचे. "माझ्या गणपतींक गिरणीन वारो घातलो," आबा म्हणाले. "गिरणी बंद पडली त्या वर्षी पयल्यांदा माझे गणपती तडाकले."

मी विचारलं, कुठली गिरणी? आबांनी नाव सांगितलं. बाबांची गिरणी नव्हती ती. असती तर हा लेख किती छान जुळला असता! पण नव्हती. बाबांचा वारा दुसरीकडे, दुसऱ्या कुणाच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडत असणार. तिकडे कुणी गणपती वाळवत होतं का, की नुसत्या वाळत घातलेल्या चादरी, कोण जाणे. मी कधी विचारलंच नाही. घरी आल्यावर ते सदरा खुंटीला लावायचे आणि मी त्या सदऱ्यात तोंड खुपसायची. मला तेवढाच वारा माहीत.

त्या संध्याकाळी आरतीला मी तिथेच थांबले, काष्टा मारलेला तसाच ठेवून. बाप्पाचा कान वाकडा तो वाकडाच सुकला. ऐकायला पुढे झुकल्यासारखा. येणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, आबांनी मुद्दामच तसा केलाय. एक गृहस्थ तर म्हणाले, "वा, काय भाव पकडलाय!" आबा नम्रपणे म्हणाले, "एसीवाल्या बाईचो हात असा त्याच्यात."

पाचव्या दिवशी मी विसर्जनाला गेले. वंदनाने बोलावलं नसतं तरी गेले असते. आबांना गर्दीत नेणं शक्य नव्हतं. मूर्ती पाटावर घेतली तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला आणि दाराकडे पाठ फिरवून बसले. दादरच्या चौपाटीवर मिलिंद मूर्ती घेऊन छातीभर पाण्यात गेला, तीन बुड्या दिल्या आणि रिकामा पाट घेऊन परत आला. पाटावर ओली वाळू घेतली, सगळे घेतात तशी.

घरी आलो तर आबा त्याच खुर्चीत. मखर रिकामं, समई तेवत होती, गोणपाट किंचित हलत होतं. वंदनाने पाट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाळूत बोटं घातली.

"पयला काय गेला?" त्यांनी विचारलं. "सोंड? की हात?"

मिलिंद म्हणाला, "आबा, भरतीचं पाणी होतं, लाट आली..."

मीच म्हटलं, "मी बघत होते आबा. सगळं गेलं, तरी कान वर होता. तो वाकडा. शेवटपर्यंत."

आबांची बोटं वाळूत थांबली. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"खोटारडी!" ते म्हणाले. "माझो शाडू इतक्या बेगीन इरघळता काय? अजून अख्खो बसलो आसतलो तो खाली. रात्रभर बसतलो." आणि मग हसत हसतच, वाळूवरून तळवा फिरवत, "पण सांगितलंस बरा."

आबा पुढची चतुर्थी बघायला नव्हते.

ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात वंदनाचा फोन आला. हॉलमध्ये फार उकडतं, हवा येते न येते, मिलिंदची तक्रार आहे, तेवढा स्पीड वाढवून द्या. कामच ते माझं. गेले. शिडी लावली, फळी सरकवली, मेन बंद केला. सगळ्यात हळू असलेली तार सोडवून हातात घेतली. खाली वंदना उभी होती. मी जाळी तपासताना उदबत्ती मागते हे तिला माहीत, म्हणून तिने न सांगता एक लावून ठेवली होती, आणि बसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून ती आबांच्या खुर्चीत टेकली होती.

मी विचारलं, "वरची जोडू की मधली?"

खाली बघितलं. ब्लोअर बंद होता, वारा नव्हता, उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. ती नाक किंचित वर करून, डोळे मिटून बसली होती. वास यायची वाट बघत.

"मावशी," ती डोळे न उघडता म्हणाली, "आहे तीच जोडा आणि उतरा खाली. चहा टाकते."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिचा फोन येतो. "मावशी, यंदा मात्र नक्की वाढवून द्या हं, भाजून निघालोय." मी म्हणते, "येते हो." आता गुडघ्यांमुळे मला शिडी चढता येत नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी मी हत्यारांची पिशवी घेऊन जाते. ती उदबत्ती लावते, आम्ही दोघी घाम पुसत चहा पितो आणि मी घरी येते.